बियास बेर्देस: स्पेनच्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या सायकलवाटा, एक परीक्षण

स्पेनच्या खेड्यापाड्यांतून, सामान लादलेली सायकल घेऊन, मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती न बाळगता चार-पाच दिवस फिरायचं असेल तर बियास बेर्देसचा विचार सगळ्यात आधी करावा. या शब्दांचा अर्थ हिरव्या वाटा. एकवचनी बिया बेर्दे. फलकांवर हे शब्द व्ही या अक्षराने सुरू होतात, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ब होतो. गावात वाट विचारताना 'व्हिया' म्हटलंत तर समोरचा क्षणभर अडखळतो, 'बिया' म्हटलंत की लगेच हात दाखवतो.

१९९३ साली स्पेनमध्ये ७,६०० किलोमीटरांहून अधिक रेल्वेमार्ग असे होते की ज्यांवर गाडी धावत नव्हती. काही खाणींबरोबर बंद पडले होते, काही तोट्यामुळे, आणि काहींवर तर कधीच गाडी धावली नव्हती. स्पेनच्या रेल्वे फाउंडेशनने त्या वर्षी हे मार्ग चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुले करायचा कार्यक्रम हाती घेतला. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली आहे. प्रवेश फुकट, परवाना नाही, नोंदणी नाही.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. एकेक वाट म्हणून पाहिलं तर यातल्या चार-पाच फारच उत्तम आहेत. पण 'जाळं' हा शब्द ऐकून कुणी स्पेनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत याच वाटांवरून जायचं ठरवत असेल तर निराशा होईल. हे जाळं नाही, हे तुकडे आहेत. आणि या वाटांचं जे जे चांगलं आहे ते रेल्वेमुळे आहे, तसं जे जे खटकतं तेही रेल्वेमुळेच. हे एकदा लक्षात आलं की कुठली वाट निवडायची, कुठल्या दिशेने जायचं आणि कुठे काय अडेल, याचा अंदाज नकाशा पाहूनच बांधता येतो.

चढाचंच घ्या. वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ झेपत नसे. म्हणून इंजिनिअरांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, मोठी वळणं घेतली. त्याचा फायदा आज पंधरा-वीस किलो सामान घेऊन जाणाऱ्याला मिळतो: अंगावर येणारा चढ जवळजवळ कुठेच नाही. मात्र दोन टक्क्यांचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. साध्या रस्त्यावर चढ-उतार आलटून पालटून येतात, पायांना विसावा मिळतो. रेल्वेचा चढ सुरू झाला की वीस वीस किलोमीटर तसाच राहतो. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, पॅडल मात्र जड जातं, आणि नवखा माणूस ब्रेक घासतोय का म्हणून खाली वाकून पाहतो. अशा चढावर भरलेल्या सायकलचा वेग ताशी १२ ते १४ किलोमीटर धरावा. पहिल्या तासात दमछाक होईल असा गिअर लावू नये. दिवसाला ५० ते ६० किलोमीटर हे सामान असलेल्यांसाठी समाधानकारक अंतर आहे. थांबावंसं वाटणाऱ्या जागा भरपूर आहेत, त्यामुळे यापेक्षा जास्त आखलं तर संध्याकाळी घाई होते.

दुसरी गोष्ट स्थानकांची. स्पेनमधली जुनी गावं संरक्षणासाठी टेकडीवर वसलेली, आणि रेल्वे मात्र सपाटी धरून खालून गेलेली. त्यामुळे स्थानकाला नाव गावाचं असलं तरी गाव एक ते पाच किलोमीटर दूर, बहुतेकदा वर असतं. नकाशावर वाटेच्या कडेला दिसणाऱ्या नावाच्या भरवशावर पाणी किंवा जेवण ठरवायचं नाही. अनेक स्थानकांत आता खानावळी, वसतिगृहं, लहान हॉटेलं झाली आहेत आणि त्यांतली काही खरोखर सुंदर आहेत. पण इमारती सहसा सरकारी मालकीच्या आणि चालवायला दिलेल्या असतात. करार संपला की नवा चालक मिळेपर्यंत कुलूप. गेल्या वर्षीच्या माहितीवर मुक्काम ठरवू नका, आदल्या दिवशी फोन करा.

वाटांची देखभाल एका हाती नाही. कुठे नगरपालिका, कुठे जिल्हा परिषदेसारखी प्रांतिक संस्था, कुठे प्रादेशिक सरकार. म्हणून हद्द ओलांडली की चाकाखालची जमीन बदलते. गुळगुळीत डांबर संपून खडी सुरू होते, फलक विरळ होतात. यात आपली वाट चुकली असं समजायचं कारण नाही.

कुठली वाट घ्यावी

पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही डोळे झाकून बाल दे थाफान सुचवू. अॅरागॉनमधून निघून कॅटलोनियात एब्रो नदीच्या काठी तोर्तोसाला उतरणारी ही वाट. मूळ बेत हा मार्ग समुद्रापर्यंत नेण्याचा होता. तोर्तोसाला रेल्वे पोहोचली ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, समुद्र गाठायचा राहूनच गेला. १९७३ मध्ये एक बोगदा खचला आणि आधीच तोट्यात असलेला मार्ग कायमचा बंद झाला.

सगळ्यात रंगतदार भाग आहे तो आर्नेसच्या स्थानकापासून तोर्तोसापर्यंतचा, सुमारे पन्नास किलोमीटरांचा. अल्गार्स नदीवरचा पूल ही अॅरागॉन आणि कॅटलोनियाची सीमा. पुढे ओर्ता दे सान्त जोआन, बोत, प्रात दे कोम्ते, मग एब्रोच्या काठी बेनिफायेत आणि शेर्ता. ओर्ता हे तरुण पिकासो राहून गेलेलं गाव. ते वाटेपासून वर चढून पाहावं लागतं, आणि तो चढ रेल्वेचा नाही, रस्त्याचा आहे, म्हणजे खरा चढ. एलस पोर्त्स या डोंगररांगेच्या चुनखडीच्या कड्यांना बिलगून वाट बोगद्यातून पुलावर आणि पुलावरून पुन्हा बोगद्यात जाते. दोन डझनांहून जास्त बोगदे आहेत. काहींत दिवे आहेत, काहींत नाहीत, आणि जिथे आहेत तिथे ते चालू असतीलच असं नाही.

दिशा एकच: आर्नेसकडून तोर्तोसाकडे. सगळा उतार. उलट दिशेने जाणारे लोक भेटतात, त्यांची इच्छा. पण बेनिफायेतनंतर वर चढताना उन्हाळ्यात हाल होतात. वाटेत फोन्तकाल्दाला थांबावं. दरीच्या तळाशी एक जुनं देवस्थान आणि कोमट पाण्याचे झरे आहेत. वाटेवरून खाली उतरायला सोपं, परत वर यायला तीव्र चढ. भरलेली सायकल वरच कुलूप लावून पायी उतरणं शहाणपणाचं. सुटीच्या दिवशी तिथे गर्दी होते, म्हणून जमल्यास मधला वार निवडावा. दुसरी एक अडचण: बेनिफायेतचं स्थानक नदीच्या एका काठावर आणि गाव दुसऱ्या. रात्रीची खोली आरक्षित करताना ती कुठल्या काठावर आहे ते विचारून घ्या.

बहुतेक लोक तोर्तोसाला येऊन, सायकली वाहून नेणाऱ्या गाडीने वर जातात आणि दिवसभरात उतरून येतात. आदल्या दिवशी फोन करून जागा धरावी लागते. एका दिवसात हे अंतर सहज होतं, पण दोन दिवस द्यावेत. एका दिवसात केलं तर बोगदे आठवतात, दरी आठवत नाही.

अनेक दिवसांच्या प्रवासासाठी ओहोस नेग्रोसला तोड नाही. स्पेनमधली ही सगळ्यात लांब बिया बेर्दे, सुमारे १६० किलोमीटर. तेरुएल प्रांतातल्या खाणींतलं लोहखनिज सागुन्तोच्या बंदरात नेण्यासाठी सिएर्रा मेनेरा कंपनीने १९०७ मध्ये हा मार्ग सुरू केला. शेजारून दुसरी रेल्वे आधीच जात होती, पण खनिजवाहतुकीच्या दरावर दोघांचं जुळलं नाही. म्हणून खाणवाल्यांनी तिला समांतर, स्वतःचे दोनशे किलोमीटरांचे रूळ टाकले. खाणमार्ग १९७२ मध्ये बंद पडला, शेजारची रेल्वे आजही आहे. त्या जुन्या भांडणाचं फळ आजच्या सायकलस्वाराला मिळतं. बार्राकास, काउदिएल, हेरिका, नाबाहास, सेगोर्बे, सगळीकडे चालू रेल्वेची स्थानकं हाताशी आहेत. थकलात, पाऊस लागला, सायकल मोडली, तर सुटका आहे. बहुतेक बियास बेर्देसवर ही चैन नसते, आणि आमच्या मते या वाटेचा हाच सगळ्यात मोठा गुण.

तेरुएलहून निघालं की पहिले काही तास एस्कान्दोन खिंडीपर्यंत चढ आहे. खिंड बाराशे मीटरांच्या वर. हा भाग उघडा, वारा बोचरा, सावली नाही, आणि खडी सुटी आहे. ला पुएब्ला दे बाल्बेर्दे आणि सार्रिओन ही पुढची गावं. सार्रिओन काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या एका खाद्य बुरशीच्या, पैदाशीसाठी ओळखलं जातं. आल्बेन्तोसाजवळचे दगडी कमानींचे पूल पाहण्यासारखे. जवळजवळ हजार मीटर उंचीवरच्या बार्राकासला पहिला मुक्काम बरा पडतो. इथून खालचा उतार ही या वाटेची खरी मेजवानी. पठारावरचं गवत मागे पडतं, पाइनची झाडी लागते, मग बदाम, ऑलिव्ह, आणि शेवटी संत्र्यांच्या बागा. एका दिवसात हवामानाचे तीन पट्टे ओलांडले जातात. नाबाहासला धबधबा पाहायला वाट सोडून थोडं खाली जावं लागतं.

दोन सूचना. उतार सौम्य असला तरी लांब आहे. ब्रेकचे पॅड आदल्या रात्री पाहून घ्या, विशेषतः सायकल भाड्याची असेल तर. आणि दुपारनंतर समुद्राकडून वर येणारा वारा तोंडावर येतो, त्यामुळे शेवटचे तीस किलोमीटर उतार असूनही पॅडल मारत जावं लागतं. बार्राकासहून सकाळी लवकर निघालात तर हा त्रास निम्मा होतो. शेवटच्या टप्प्यात वाट संपून सागुन्तोपर्यंत शेतरस्ते आणि लहान डांबरी रस्ते धरावे लागतात. तिथे मोबाइलवर उतरवून घेतलेला ट्रॅक हवाच.

आंदालुसियातली सिएर्राची वाट सगळ्यात प्रसिद्ध आहे. पुएर्तो सेर्रानो ते ओल्बेरा, ३६.५ किलोमीटर, ३० बोगदे, ४ मोठे पूल. हेरेथहून आल्मार्खेनला जाणारा हा मार्ग १९२० च्या दशकात बांधायला घेतला, बोगदे खणून झाले, स्थानकं उभी राहिली, पण एकही प्रवासी गाडी धावली नाही. म्हणूनच बहुधा पूल आणि बोगदे इतके धडधाकट राहिले आहेत. थाफ्रामागोनच्या सुळक्यावर ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत आहे. त्याच नावाच्या स्थानकात पक्षिनिरीक्षणाचं केंद्र केलेलं आहे. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागली की गिधाडं कड्यावरून सुटतात. फार लवकर पोहोचलात तर ती बसलेलीच दिसतील, म्हणून तिथे उशिरा सकाळी पोहोचायचा बेत करा. दुर्बीण वजनदार वाटली तरी या एका वाटेसाठी न्यावी.

पुएर्तो सेर्रानोकडून ओल्बेराकडे चढ आहे, म्हणून फक्त एकाच दिशेने करायची तर ओल्बेराहून निघा. पण आम्ही उलट सुचवू: पुएर्तो सेर्रानोहून सकाळी चढत जा, रात्री ओल्बेराला राहा, दुसऱ्या दिवशी उतरत परत या. दोन्ही टोकांना रेल्वे नाही, बस मोजक्या आणि सायकल घेतील याची खात्री नाही, त्यामुळे ये-जा करणं हाच कमी कटकटीचा मार्ग. कोरिपेचं स्थानक साधारण मध्यावर आहे. कमकुवत खडकामुळे इथे दरडी येतात आणि एखादा बोगदा किंवा टप्पा बंद ठेवावा लागतो. निघण्याआधी बियास बेर्देसच्या संकेतस्थळावरची सूचना पाहा. बंद बोगद्याला वळसा घालून जायला बऱ्याचदा दुसरी वाटच नसते. रविवारी इथे स्थानिक कुटुंबं लहान मुलांसह येतात. मुलं अंधाऱ्या बोगद्यात मधेच थांबतात, हे गृहीत धरून वेग ठेवा.

सगळं नीट, नेटकं, काही अडू नये अशी इच्छा असणाऱ्यांनी जिरोनाला जावं. ओलोत ते जिरोना सुमारे ५५ किलोमीटर, आणि जिरोना ते समुद्रकाठचं सान्त फेलिउ दे गिशोल्स सुमारे ४०. इथे कारिलेत नावाची छोट्या रुळांची गाडी धावायची, ती १९६९ मध्ये थांबली. ओलोत ज्वालामुखींच्या प्रदेशात आहे. अर्थात शांत झालेल्या, आता दाट बीच आणि ओकच्या झाडीने झाकलेल्या. ओलोतहून आधी कोल द'एन बास या ६२० मीटरच्या खिंडीवर चढायचं, मग जिरोनापर्यंत उतार. वाट गावांतून जाते, त्यामुळे पाणी, बेकरी, सायकलचं दुकान, काहीच दूर नाही. त्याच कारणाने ती सगळ्यात कमी रानातली आहे. जिरोनाच्या आसपास रस्ता सारखा ओलांडावा लागतो आणि एकांत संपतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ही वाट, एकांत हवा असणाऱ्यांना थाफान.

तेलाची वाट, म्हणजे बिया बेर्दे देल आसेइते, हाएनहून निघून कोर्दोबा प्रांतात सुब्बेतिकाच्या वाटेला जुळते. दोन्ही मिळून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातले लोखंडी पूल आणि नजर जाईल तिथवर ऑलिव्ह. हे दृश्य पहिल्या दिवशी थक्क करतं. तिसऱ्या तासानंतर काहींना एकसुरी वाटतं, आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही. मधे कड्यावर चिकटलेलं थुएरोस नावाचं पांढरं गाव आहे. तिथलं शेळीच्या दुधाचं चीज घेण्यासाठी वर चढावं. इथे वाहनबंदीचा अर्थ जरा सैल घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी ऑलिव्हच्या तोडणीचा हंगाम, तेव्हा शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि जाळी भरलेल्या गाड्या वाटेचे काही भाग वापरतात. त्यांना तो हक्क आहे. कडेला थांबून वाट द्यावी.

उत्तरेकडच्या वाटा हिरव्या आणि ओल्या. नावारातली प्लासाओला घेणार असाल तर उइत्सीचा बोगदा सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे आणि बाहेर ऊन असलं तरी आत थंडी वाजते. जाकीट पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या पिशवीच्या, तळाशी ठेवू नका. एस्तेल्याहून बितोरियाला जाणाऱ्या वास्को-नाबार्रो वाटेवर लामिनोरियाचा लांब बोगदा बंद आहे. त्यामुळे डोंगर वरून ओलांडावा लागतो, आणि तो चढ रेल्वेच्या हिशेबातला नाही.

टायर, सराटे आणि बोगदे

रेसिंगच्या २५-२८ मिलिमीटरच्या टायरवर या वाटा करू नयेत. डांबरी भागांत चालून जाईल, पण सुटी खडी आली की पुढचं चाक घसरतं. ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर योग्य. जाड गोट्यांचा माउंटन बाइकचा टायर लागत नाही, तो उगाच जड चालतो. पावसानंतर चिकणमातीच्या भागात चिखल मडगार्डमध्ये बसून चाक फिरेनासं होतं. मडगार्ड आणि टायरमध्ये निदान एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी. चिखल ओला असतानाच काडीने खरवडून काढा. वाळला की विटेसारखा होतो.

पंक्चरचं मुख्य कारण काच किंवा खिळे नाही. ते आहेत सराटे. स्पेनमध्ये आब्रोहो म्हणतात, वनस्पती तीच. उन्हाळ्याच्या शेवटी ती वाळते आणि काटे वाटेच्या कडेला पसरतात. एकाच वेळी पाच-सहा घुसतात, त्यामुळे एक पॅच लावून सायकल उभी केली की पुन्हा हवा जाते. म्हणून ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा, नुसतं बोट नको. कापड जिथे अडकेल तिथे काटा. टायर ट्यूबलेस असेल तर काटा मुक्कामापर्यंत उपटूच नका. तोच भोक बुजवून असतो, आणि काढायची वेळ येईल तेव्हा चाक फिरवून सीलंट, म्हणजे टायरमधला भोक बुजवणारा द्रव, तिथे पोहोचू द्या. गवतात सायकल टेकवून जेवायला बसण्याची सवय सप्टेंबरमध्ये महागात पडते. सायकल वाटेच्या मधल्या, रोज वापरात असलेल्या भागावरच उभी करा. दोन जादा ट्यूब, पॅच आणि पंप प्रत्येकाकडे वेगळा हवा.

रस्ता ओलांडायच्या जागी गाड्या घुसू नयेत म्हणून खांब किंवा लाकडी अडसर असतात. मागे दोन रुंद पॅनिअर असतील तर पॅनिअरचा कोपरा खांबाला लागतो आणि सायकल आडवी होते. तिथे उतरून ढकला. लहान मुलांची ट्रेलर ओढणाऱ्यांनी चाकांमधलं अंतर मोजून ठेवावं.

बोगद्यांसाठी पुढचा दिवा ४०० ल्युमेनच्या आसपासचा, हँडलवर पक्का बसवलेला असावा, मोबाइलचा टॉर्च नव्हे. मागचा लाल दिवा तितकाच महत्त्वाचा. सरळ बोगद्यात समोरचं तोंड दिसत राहतं, वळणदार बोगद्यात पन्नास मीटरनंतर काळोख. गॉगल आत शिरण्यापूर्वी काढा. उन्हातून आल्यावर डोळ्यांना सरावायला काही सेकंद लागतात, आणि नेमक्या त्याच सेकंदांत तोंडाशी पडलेले दगड दिसत नाहीत. काही बोगद्यांत सेन्सरवर लागणारे दिवे ठरावीक वेळाने मालवतात, म्हणून ते लागले तरी आपला दिवा बंद करायचा नाही.

हेल्मेट गावाबाहेरच्या रस्त्यांवर कायद्याने लागतं, आणि वाटेवरून गावाकडे जाताना असा रस्ता येतोच. त्या रस्त्यांवर गाड्यांनी सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे.

पाणी, जेवण, वेळा

दोन बाटल्या पुरत नाहीत. उन्हाळ्यात प्रत्येकी तीन लिटर. स्थानकाच्या आवारातल्या नळावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पिण्यायोग्य नाही. दुकानं साधारण दोन ते पाच बंद, लहान गावात बेकरी सकाळीच उघडी, रविवारी किराणा मिळत नाही, आणि खानावळींची सुटी बऱ्याचदा सोमवारी. स्वयंपाकघर दुपारी दीडच्या सुमारास सुरू होतं आणि साडेतीनला आवरतं. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मागू नका. कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिआ' घ्यावं: दोन पदार्थ, पाव, गोड, पेय, सगळं मिळून साधारण १२ ते १६ युरो.

शाकाहारी असाल तर 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही, कारण हॅम आणि टूना मासा तिथे पुष्कळांच्या लेखी मांसात मोडत नाही. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून' असं मोजून सांगा. मिश्र सॅलडवर टूना असतो, मसुराच्या आमटीत चोरिसो सॉसेज, क्रोकेतांत हॅम, सालमोरेखो या टोमॅटोच्या थंड सारावर अंडं आणि हॅमचा चुरा. भरवशाचं म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या मिरच्या, आंदालुसियात पालक-छोले, आणि अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया. सकाळी निघताना पाव, चीज आणि फळं बरोबर घेतली की दिवसभराची चिंता मिटते.

दक्षिणेकडे मार्च ते मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हाच काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑलिव्हच्या बुटक्या झाडांची सावली वाटेवर पडत नाही. तेरुएलच्या पठारावर उलट, एप्रिलच्या पहाटेही दवाचा बर्फ होऊ शकतो.

सायकल घेऊन ये-जा

रेन्फे या स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या उपनगरी, म्हणजे सेर्कानियास गाड्यांत सायकल फुकट जाते, गर्दी नसेल तर. मध्यम अंतराच्या गाड्यांत सायकलच्या जागा अगदी मोजक्या, बहुतेकदा तीन. सायकलची जागा तिकिटाबरोबरच घ्यावी लागते. चौघांचा गट असेल तर दोन गाड्यांत विभागून जायची तयारी ठेवा. अतिवेगवान गाडीत सायकल उघडी नेता येत नाही. १२० × ९० × ४० सेंटिमीटरच्या पिशवीत बसवावी लागते. त्यासाठी दोन्ही चाकं आणि पॅडल काढून हँडल वळवावं लागतं, आणि मागचं कॅरिअर बहुधा उतरवावं लागतं. यासाठी ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन किल्ल्या आणि पॅडलचा पाना हाताशी ठेवा. डावं पॅडल उलट आट्यांचं असतं हे घाईत विसरलं जातं.

मार्गावर काम चालू असलं की गाडीऐवजी बस सोडतात आणि बसच्या पोटात सायकलला जागा मिळेलच असं नाही. ओहोस नेग्रोसच्या वाटेला जाणाऱ्यांनी हे आधी तपासावंच, कारण तेरुएल-सागुन्तो मार्गावर दिवसाला गाड्या मुळातच कमी आहेत. तोर्तोसाहून बार्सिलोनाकडे थेट गाडी आहे, पण रविवारी संध्याकाळी सगळे सायकलवाले तिच्यावरच येतात. त्या दिवशी दुपारची गाडी धरा, नाहीतर तोर्तोसात मुक्काम करून सोमवारी सकाळी निघा.